विहिरीच्या फोनवरचा निरोप

९ फेब्रुवारी, सोमवार

गरमी निघाली! म्हणजे सिफिलिस. मला!

आणि मी इतके दिवस लाँड्रीच्या साबणाला शिव्या घालत होते. तळहातांवर तांबूस ठिपके, तळपायांवर पण. दुखत नाही, खाजत नाही, नुसते बसलेत आपले. मुकादमीणबाईंना म्हटलं, हा साबण बदला हो, हात बघा माझे. त्यांनी बघितले आणि दोन पावलं मागे सरकल्या. "आधी दवाखान्यात जाऊन ये. मग चादरींना हात लाव." हॉटेलच्या चादरी! त्या चादरींनी आजवर काय काय बघितलंय, आणि त्यांना माझ्या हाताची भीती!

सरकारी दवाखान्यात मागच्या बाजूला एक खोली. दारावर नाव नाही, नुसता नंबर. आत पंख्याचं एक पातं हिरवं, बाकीची पांढरी. कुणी बसवलं असेल? तीन सारखी मिळाली नाहीत की कुणाला तरी हिरवा रंग आवडायचा? मी वर बघत बसले. समुपदेशन करणारी ताई काहीतरी म्हणाली, ते ऐकलंच नाही. तिने परत म्हटलं. मग ऐकलं.

मी म्हटलं, आमच्याकडे ह्याला गरमी म्हणतात, आणि झाली की त्या माणसाचं ताट वेगळं करतात. ताई म्हणाली, "ताटाने लागत नाही. गरमीबिरमी काही नसतं. जंतू आहे. सुईने मरतो."

सुई! एक नाही, दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे बसायची सोयच नाही. औषध कसलं, कालवलेलं सिमेंट! नर्सबाई म्हणतात, "सैल सोड, सैल सोड." स्वतः आडव्या पडा आणि सोडून दाखवा म्हणावं. घरी आले ती बदकासारखी चालत.

१० फेब्रुवारी

ताप. येईल म्हणून सांगितलंच होतं — जंतू मरताना धिंगाणा घालतात म्हणे. घाला. मरा मेल्यांनो.

११ फेब्रुवारी

परत ताईकडे. आज खरी गोष्ट काढली तिने.

"गेल्या सहा महिन्यांत कुणाकुणाशी संबंध आला?"

"दोघांशी." सरळ सांगितलं. तिची भुवईसुद्धा हलली नाही. जरा वाईटच वाटलं मला!

एक म्हणजे मेळ्यातला विहीरवाला. मी लहानपणापासून आनंदमेळ्यातच वाढले — आज ह्या गावच्या मैदानात, महिन्याने दुसऱ्या. पाळणा, आरसेमहाल, जादू, आणि मृत्यूची विहीर. फळ्यांची उभी गोल विहीर, आत माणूस फटफटी घेऊन भिंतीवर गरगर फिरतो आणि लोक वरून वाकून बघतात. तो विहीरवाला. सप्टेंबरात भांडून मी मेळा सोडला. दुसरा म्हणजे इथला भट्टीवाला. लाँड्रीच्या शेजारी बेकरी आहे, तिथे पाव भाजतो. दोन महिने झाले. चांगला आहे. फार चांगला आहे, तोच तर घोळ आहे.

ताई म्हणाली, दोघांना कळलं पाहिजे. त्यांनी रक्त तपासायचं, औषध घ्यायचं. नाहीतर तू बरी होशील आणि परत लागेल, आणि त्यांच्याकडून पुढे कुणाकुणाला. "तू सांगतेस, की तुझं नाव न घेता आम्ही निरोप देऊ?"

मी म्हटलं, मीच सांगते! अहो, मेळ्यात भोंग्यावर कोण होतं? मी! "या या या! बघा बघा, काळजाचं पाणी करणारी मृत्यूची विहीर!" बाजारापलीकडून माणसं खेचून आणली आहेत ह्या गळ्याने. बोलणं हा माझा धंदा आहे.

ताई म्हणाली, "भोंग्यावर बोलणं सोपं. एका माणसाशी बोलून बघ."

मग ती बाळाचं बोलली. बाईला दिवस गेलेले असतील तर हे पोटातल्या बाळाला लागतं. मेलेलं जन्मतं, नाहीतर आजारी. पण वेळेत सुई मिळाली तर वाचतं. म्हणून घाई.

मी म्हटलं, "माझ्या दोघांपैकी कुणाला दिवस जायचे नाहीत!"

ती हसली. मग म्हणाली, "त्यांच्या पलीकडे कोण आहे, तुला माहीत आहे?"

नाही माहीत. येताना वाटभर तेच डोक्यात. कुठेतरी एखादी असेल, पोटावर हात ठेवून बसलेली, आणि तिला काही पत्ताच नाही.

१३ फेब्रुवारी

भट्टीवाल्याकडे गेले. पाव घेऊन आले. परत गेले. परत पाव घेऊन आले. तो म्हणाला, "पाहुणे आलेत का घरी?"

धंदा म्हणे बोलण्याचा!

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं!!

दुपारी भट्टी निवत असते तेव्हा तो मागच्या पायरीवर बसतो. कोपरापर्यंत पीठ. मी शेजारी बसले — बसले म्हणजे एका अंगावर टेकले. तिथे एक मुंगी पिठाचा कण ओढत होती, तिच्यापेक्षा मोठा. मी तिच्याकडेच बघत बसले. ती भेगेपाशी पोचली की बोलू. पोचली. पलीकडे गेली तरी मी गप्प.

शेवटी तोच म्हणाला, "बोल. पाव तर तू खात नाहीस. खोलीच्या खिडकीत पक्ष्यांची पंगत बसलेली बघितली मी."

मग बोलले. एका दमात. सिफिलिस, ठिपके, सुया, तुलाही तपासावं लागेल. माझ्या आधीच्याकडून आलं असणार. तुला फसवायचं नव्हतं, मलाच माहीत नव्हतं.

तो हातावरचं पीठ खरवडत राहिला. मला वाटलं, संपलं. उठावं, पिशवी भरावी, आज मिळेल ती गाडी पकडावी. मला तेवढंच तर चांगलं येतं.

मग म्हणतो कसा, "सुई फार दुखते का?"

एवढा धिप्पाड माणूस! भट्टीत उघडा हात घालतो! मी हसायला लागले ते थांबेचना. तो चिडला. "हसू नकोस. लहानपणी सुईला भिऊन मी शाळेच्या पत्र्यावर चढून बसलो होतो."

जाईन म्हणाला. पण जाताना माझ्याकडे बघितलं नाही. "मला जरा एकट्याला राहू दे," म्हणाला.

राहू दे. मी सांगितलं! तोंडाने, माईकशिवाय!

१७ फेब्रुवारी

भट्टीवाला दिसला नाही. बेकरीत त्याचा भाऊ. मी पाव न घेताच आले.

१८ फेब्रुवारी

आता विहीरवाला. त्याचा स्वतःचा नंबर कधीचा बंद. पण विहिरीचा फोन आहेच.

आमच्या मेळ्यात प्रत्येक खेळाचा फोन वेगळा. नंबर खेळाच्या फळीवरच रंगवलेला असतो, म्हणून फोन माणसाचा नाही, खेळाचा. दिवसा त्यावरूनच भोंग्याला गाणी लावायची. अंधार पडला की सगळे फोन मावशीच्या तिकिटखिडकीत चार्जिंगला, सकाळी ती ज्याचे त्याला वाटते. विहिरीचा नंबर मला पाठ आहे, मीच रंगवला होता. शेवटचा आठ जरा लठ्ठ झालाय.

मावशीलाच फोन करावा, हे सगळ्यात सोपं. माझी सख्खी मावशी. आई गेल्यावर तिनेच वाढवलं. पण सप्टेंबरापासून बोलत नाही आम्ही. भांडण विहीरवाल्यावरूनच. ती म्हणायची, "तो फक्त विहिरीतच गोल फिरतो असं समजू नकोस." मी म्हटलं, तुला माझं सुख बघवत नाही. आणि निघाले, चपलासुद्धा तिच्याच घालून. आता तिला फोन करू आणि काय ऐकू? "मी सांगत होते." नको बाई!

लिहायला गेले तर माझं लिहिणं कोण वाचणार. शाळा सातवीपर्यंत, तीही पाच गावांत पाच. मग बोलूनच निरोप पाठवला. पहिल्यांदा सवयीने "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हटलं! पुसलं. मग असं बोलले:

"विहीरवाल्या, मी भिंगरी. नीट ऐक, हसू नकोस. मला सिफिलिस निघालाय, तळहातांवर तांबूस ठिपके आलेत. तीच ती गरमी. तुझ्याकडून मला आली की माझ्याकडून तुला गेली, ह्यात मला पडायचं नाही. सरकारी दवाखान्यात जा, रक्त दे. कुणी नाव विचारत बसत नाही, ताट वेगळं करत नाही. दोन सुया, दोन्ही ढुंगणांवर, की संपलं. आणि माझ्यानंतर तुझ्या आयुष्यात जी कुणी आली असेल तिलाही सांग. तिला दिवस गेले असतील तर धावत जाऊन सांग! बाळाला लागतं. वेळेत सुई घेतली तर बाळ वाचतं. मी लाजले नाही, तू कशाला लाजतोस?"

पाठवला.

२० फेब्रुवारी

दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे ऐकलाय. उत्तर नाही. भित्रट! भिंतीवर फटफटी चालवतो म्हणे!

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

अरे देवा. अरे देवा. अरे देवा.

जादूगारकाकांचा फोन आला. मेळ्यातले आमचे जादूवाले, लहानपणी माझ्या कानातून नाणी काढायचे. "भिंगरे, अगं काय केलंस काय! तुझा निरोप भोंग्यावर वाजला!"

म्हटलं, कुठला निरोप?

"कुठला काय! दोन्ही ढुंगणांचा!"

विहिरीचा फोन भोंग्याला जोडलेला. कुणाचं तरी बोट चुकून पडलं. आणि माझा आवाज सगळ्या मैदानावर! पाळण्यावरची माणसं वर अडकलेली, कान देऊन ऐकतायत. तिकिटाच्या रांगेतल्या काही जणांना वाटलं ही सरकारी जाहिरात, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि काका म्हणाले त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट — तो विहीरवाला आता विहिरीत नाहीच! डिसेंबरातच गेला सोडून. नवा आहे. हा नवा बिचारा बायकोसकट राहतो. बायको झारा घेऊन त्याच्या मागे विहिरीत उतरली. तो भिंतीवर, ती खाली तळाशी उभी. "उतर खाली! कोण ही भिंगरी?" लोकांना वाटलं हा खेळातलाच भाग. परत टाळ्या!

काका हसतायत की रडतायत तेच कळेना. वर म्हणतात, "आणि कुणीतरी ते सगळं मोबाइलवर टिपलंय. फिरतंय इकडून तिकडे."

मी फोन ठेवला. डोकं उशीखाली.

२१ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. ताई कपाळाला हात लावून बसली. "गुप्तता! अगं, आम्ही दारावर नावसुद्धा लिहीत नाही गं!"

गाडीतळावर जाऊन आले. तीन गाड्या होत्या. कुठे जातात ते वाचलं सुद्धा नाही. निळी बरी होती, खिडक्यांना पडदे होते. हात पिशवीला, पाय पायरीवर.

पण कुठे जाणार? आवाज तर माझ्या आधी पोचलाय.

२३ फेब्रुवारी

सकाळी दारात भट्टीवाला. हातात गरम पाव, चेहरा पाडलेला, आणि उभा राहण्याची तऱ्हा अशी — बदक!

"माझं रक्त साफ आहे," म्हणाला. "तरी टोचलं. खबरदारी म्हणे. दोन!"

"ओरडलास?"

"नाही." मग म्हणाला, "थोडा." मग म्हणाला, "नर्सबाई म्हणाल्या, कालची पोरगी शूर होती." कालची म्हणजे मी नाही, दुसरीच कुणीतरी. पण मी मान डोलावली.

मी त्याला भोंग्याचं सांगितलं. म्हटलं आता हाही जाईल. तो भिंतीला टेकून इतका हसला की पाव हातातून पडला. मग पुसून त्यानेच खाल्ला. "नऊ दिवस मी तुझ्यावर चिडायचं ठरवलं होतं," म्हणाला. "आज आठवाच होता. पण आता कसं चिडू?"

दोघांनी उभ्यानेच चहा घेतला.

२४ फेब्रुवारी

अनोळखी नंबर. पलीकडे कुणी बोलतच नाही. मी म्हटलं, शिव्या द्यायच्यात तर द्या, उगाच श्वास नका ऐकवू.

"मी आरसेवाली."

आरसेमहालात आरसे पुसणारी. माझ्याच वयाची. चार वर्षं एका मेळ्यात होतो, तिचं बोलणं मी दहा वेळासुद्धा ऐकलं नसेल. म्हणाली, "तुझा आवाज ऐकला. माझ्या तळहातांवर पण आहेत तसले ठिपके."

मी माझे तळहात उलटे करून बघितले.

"तुझ्यानंतर मी होते. तू गेलीस त्या आठवड्यापासून. तो गेला डिसेंबरात. आणि भिंगरे — मला दिवस गेलेत."

कुणालाच माहीत नाही. आरसेमहालात सगळ्यांचीच पोटं फुगलेली दिसतात, हिचं कोण वेगळं बघणार! चार महिने ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या आरशांमधून फिरतेय.

मला राग यायला हवा होता. आला पण. तू गेलीस त्या आठवड्यापासून! पण म्हटलं, रागाला नंतर बघू. "दवाखान्यात गेलीस?" नाही. एकटीने जायची हिंमत नाही. "उद्या येते," म्हटलं. "तोपर्यंत कुठे जाऊ नकोस. आणि घाबरू नकोस. बाळ वाचतं. मला विचार, मी सगळ्या मैदानाला सांगितलंय!"

ती हसली. पहिल्यांदा ऐकलं तिचं हसणं. हुंदक्यासारखंच असतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आजचं सगळं लिहायचं तर वही पुरणार नाही.

बसमध्ये अर्धा रस्ता आरसेवालीवर चिडलेली होते. मग एका वळणावर रस्त्याकडेला कुणीतरी नारिंगी सोफा टाकून दिलेला, त्यावर बकरी राजासारखी बसलेली. ती बघितली आणि राग कुठे गेला कळलंच नाही. नंतर शोधला पण सापडला नाही.

मैदानात शिरताना मान खाली. वाटलं, आता थुंकतील. घोडेवाला ओरडला, "आली रे आली! दोन्ही ढुंगणं आली!" मी मान वर केली. लोक जमले. आणि मला काय दिसलं? पाळणेवाला बदकासारखा चालतोय! दोघं रंगारी पण! निरोप वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी निम्मा मेळा दवाखान्यात. आधी एकमेकांना चिडवत गेले, मग एकमेकांचा हात धरून सुया घेऊन आले. ज्यांना नव्हतं ते छाती काढून फिरतायत. आणि कुणाचंही ताट वेगळं केलं नाही. "तूच म्हणालीस ना, ताट वेगळं करत नाहीत," जादूगारकाका म्हणाले. पाळणेवाल्याला तर दोन वर्षांपासून होतं, म्हणे. कळलंच नसतं कधी!

एवढ्यात नवा विहीरवाला धावत आला. मागे बायको. हातात झारा तसाच! "ताई, तुम्हीच त्या ना? आता तुम्हीच सांगा हिला! रक्ताचा कागद दाखवला तरी ऐकत नाही. म्हणते, भोंग्यावर आलं ते खोटं कसं?"

म्हटलं, "भोंग्यावर आलं तर भोंग्यावरच मिटवू. चालेल?"

"पळेल!" तो म्हणाला. बायकोने झारा खाली केला.

तिकिटखिडकीत मावशी. मान वर न करता म्हणते, "पाळणा की विहीर?"

"मावशे, मी आहे."

"दिसतंय. डोळे गेले नाहीत माझे." मग माईक खिडकीतून पुढे सारला. "गंजलाय. पुसून घे. आणि चपला आण माझ्या परत."

"मी सांगत होते" म्हणालीच नाही! एकदासुद्धा!

माईक हातात आला आणि पाय जमिनीवर राहिलेच नाहीत. "बंधूंनो आणि भगिनींनो! या या या! मागच्या शुक्रवारच्या निरोपातला विहीरवाला जुना! तो केव्हाच गेला! तुमच्या समोर उभा आहे तो नवा कोरा विहीरवाला! ह्याची आणि माझी ओळख आज, आत्ता झाली! हा माणूस स्वच्छ आहे, धुतलेल्या चादरीसारखा! आणि ज्याला स्वतःबद्दल असं छातीठोक सांगायचं असेल, त्याने सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त द्यावं! ठिपके असोत नसोत! लाज इथे ठेवा, पाळण्याखाली, परत येताना घेऊन जा!"

काय टाळ्या! काय शिट्ट्या! बायको झारा हलवत नाचायला लागली. नव्या विहीरवाल्याने फटफटी काढली आणि हात सोडून भिंतीवर फिरला.

त्या गोंधळातच मी आरसेमहालाच्या मागून तिला बाहेर काढली. कुणी बघितलं नाही. मावशीने तेवढं बघितलं, पण ती नोटा सरळ करत राहिली.

दवाखान्यात तिने माझा हात इतका दाबला की माझीच हाडं वाजली. रक्तात निघालं. सुया झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात. अगदी वेळेत." आणि मग पोटावर एक छोटं यंत्र ठेवलं. डब्यातून आवाज यायला लागला — धडधड धडधड धडधड. जोरात! भिंतीवर चढलेली फटफटी!

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "हे भोंग्यावर नको सांगूस."

नाही सांगणार. कुणालाच नाही. फक्त ह्या पानाला.

३ मार्च

ताईला सांगितलं, तिकडे निम्मा मेळा दवाखान्यात गेला, त्यात एक पोटुशी. नाव नाही सांगितलं. ताई म्हणाली, "असं करायचं नसतं. पुन्हा करू नकोस." आणि मग उठून मला मिठी मारली.

पंख्याचं हिरवं पातं तिनेच बसवलंय! विचारलं मी शेवटी. जुनं तुटलं, मागून मागून मिळेना, तर घरून आणलं.

१९ मार्च

विहीरवाला! जुना!

"भिंगरे, मी बोलतोय." मागे इंजिनाची घरघर. पाण्याचा टँकर चालवतो म्हणे आता. कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं त्याने. अनोळखी गावात, चहाच्या टपरीवर, सगळे हसतायत आणि माझा आवाज म्हणतोय "विहीरवाल्या". "चहा नाकातून आला माझ्या."

"मग?"

"मग काय. टँकर तसाच दवाखान्याकडे वळवला. नीट बसून चालवायला आठ दिवस लागले."

हसलो दोघंही. मग तो गंभीर झाला. "तुझ्यानंतर मेळ्यातली एक, आणि इथे एक. इथलीला सांगितलं, तिने औषध घेतलं. मेळ्यातलीला सांगायला तोंड नाही माझं."

जिभेवर आलं होतं! सगळंच्या सगळं. बाळ, धडधड, सगळं. गिळलं. ते तिचं आहे, माझं नाही. एवढंच म्हटलं, "तोंड नसेल तर आरसेमहालात जा, तिथे वाट्टेल तेवढी तोंडं मिळतील. पण आधी तिला विचार, येऊ का म्हणून."

म्हणजे सगळे झाले. माझे दोन, त्याची एक इथली, एक तिथली. साखळी संपली!! भट्टीवाल्याला जाऊन सांगितलं. त्याने भट्टीचा पत्रा नगाऱ्यासारखा बडवला. भाऊ म्हणतो, वेड लागलंय दोघांना.

१२ मे

रक्त परत तपासलं. आकडा उतरलाय, असाच उतरला पाहिजे. ताई खूश. पुन्हा एकदा येऊन जा म्हणाली.

ह्या गावात आठवा महिना चाललाय की नववा? मोजलं नाही. पण कुठल्याही गावात इतकं टिकले नव्हते. मेळा लागला की भोंग्याला जाते, मग परत येते. भट्टीवाला म्हणतो, भट्टी काही हलवता यायची नाही. मी म्हणते, मग ती तापलेली ठेव.

१६ जुलै

मुलगी!! टपोरी, रडकी, घसा असा की भोंगा नको! डॉक्टर म्हणाले ठणठणीत. पुढे एकदोनदा रक्त बघतील, तेवढंच.

माईकवर फक्त एवढंच सांगितलं: आरसेमहालाला मुलगी झाली. मैदानभर शिट्ट्या. टँकरवाला कुंपणाबाहेर उभा होता. आरसेवालीने आत ये म्हटलं, तेव्हाच आला.

२ ऑगस्ट

मावशीच्या चपला परत दिल्या. ती तिकिटं फाडत होती, बाळ मांडीवर. मी सहज म्हटलं, त्या दिवशी नव्या विहीरवाल्याचं बोट चुकलं नसतं तर ही आज नसती.

"त्याचं कसलं बोट? फोन माझ्याकडेच ठेवला होता. सकाळी वाटायच्या आधी निरोप दिसला, कानाला लावला. पाच महिन्यांनी तुझा आवाज! परत लावला. समोर बघितलं तर ही पोरगी आरसे पुसता पुसता ओकत होती. तोंडावर सांगितलं असतं तर पळाली असती, तुझ्यासारखी."

"मग?"

"मग गर्दी जमू दिली, वायर खोचली," मावशी म्हणाली, "आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला."